मागची टाकी आधी

डोमाजी बोरकुटे यांचं पत्र मला सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये आलं. मी संस्थेच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत बसलो होतो. शिपायाने टपालातून एक निळं अंतर्देशीय काढून माझ्यासमोर ठेवलं.

"रिसबूड, तुम्हाला चंद्रपूरहून कोण लिहितं हो? सोयरीक वगैरे जुळवताय की काय?"

"ओळखीचे आहेत," मी म्हणालो.

पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. उत्तर आजच लिहायचं असं मनाशी ठरवलं होतं. पाच-सहा ओळींचंच काम होतं. गाडीचं डिझेल विकलं असा ठपका ठेवून आमचे ड्रायव्हर डोमाजी यांना नोकरीवरून काढलं होतं, आणि बांबूमोजणीच्या त्या मोहिमेत गाडीत त्यांच्या शेजारी रोज मी बसत होतो. मला जे ठाऊक आहे ते लिहून द्यावं, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मी उत्तर दिलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर त्या जीपच्या दोन टाक्यांपासून सुरुवात केली पाहिजे. यंत्रातलं मला फारसं कळत नाही, आजही नाही. तेव्हा मला जे जसं कळत गेलं, तसंच सांगतो.

"हिले दोन पोटं हायेत, साहेब," डोमाजी पहिल्या दिवशी म्हणाले होते. "गाईले चार असतेत म्हनतेत. हिले दोनच. पन खाते गाईपेक्षा जास्त."

ते जीपच्या बाजूला उकिडवे बसले होते आणि मी हातात वही घेऊन उभा होतो. भामरागडच्या वाटेवर, रस्त्यापासून आत, एका जुन्या विश्रामगृहात आमचा मुक्काम होता. आमच्या संस्थेने त्या भागातल्या बांबूची मोजणी हाती घेतली होती. मोजणीला संख्याशास्त्राचा माणूस जायचा होता, त्याला कावीळ झाली, आणि ग्रंथपालाला तरी आकडे नीट लिहिता येत असतील म्हणून मला पाठवलं. मी अडतीस वर्षांचा होतो. पुण्याबाहेर पंधरा दिवसांपेक्षा जास्त कधी राहिलो नव्हतो. मोहिमेचे प्रमुख मुळगुंद साहेब मला बघून नुसते "हं" म्हणाले होते.

गाडी लष्कराच्या लिलावातून घेतलेली, फोर-व्हील. मूळचं पेट्रोल इंजिन काढून तिला डिझेल इंजिन बसवलेलं होतं. पुढे आलापल्लीशिवाय पंप नाही, म्हणून मोहिमेला निघण्याआधी नागपूरच्या एका कारखान्यात तिच्या मागच्या बाजूला, सामानाखाली, चाळीस लिटरची दुसरी टाकी बसवून घेतली होती. मूळची पन्नास लिटरची. आम्ही एकीला मोठी म्हणायचो आणि दुसरीला मागची.

"हा कॉक पाहा," डोमाजींनी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून एक पितळी दांडी दाखवली. "इकडे केला की इंजिन मोठीतून पिते. इकडे केला की मागचीतून. आन मधी ठेवला की बंद, मंग ढकला."

"आणि काटा?"

"काटा फक्त मोठीचा दाखवते. मागचीत किती हाये ते काडी घालून पाहा लागते." त्यांनी सीटमागून एक बांबूची काडी काढली. तिच्यावर सुरीने खुणा केलेल्या होत्या. "आपल्याले बांबूच मोजाचे हायेत ना. मंग बांबूनंच मोजू."

मला हसू आलं. त्या मुक्कामात मला हसवणारा तोच एक माणूस होता. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने काटक, कानात भिकबाळीची बुजलेली भोकं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिंचटोल्याचे. रोजंदारीवर सात वर्षं काढून त्या वर्षी कुठे संस्थेत कायम व्हायचे होते. त्यांची मुलगी आठवीत होती आणि ती मॅट्रिक होईल, घरातली पहिली, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत.

माझ्याकडे दोन वह्या होत्या. एक बांबूची आणि एक गाडीची. रोज किती किलोमीटर, किती डिझेल, लिटरमागे किती. मुळगुंद साहेबांनी निघतानाच बजावलं होतं: "इथे ठेकेदारांचे ट्रक आहेत, ट्रॅक्टर आहेत, डिझेलला गिऱ्हाईक दाराशी आहे. लिटर न् लिटर लिहा."

मुक्कामावर डिझेलची पिंपं आणून ठेवलेली होती. त्यातून पाच लिटरच्या मापाने गाडीत भरायचं. पहिल्या आठवड्यात डोमाजी त्यांच्या पद्धतीने चालवत होते. आधी मोठी टाकी अर्ध्यापर्यंत उतरवायची, मग मागची सुरू करायची. मला हिशेब लागेना. एका टाकीचा काटा भरवशाचा नाही, दुसरीची काडी हलते. दोन टाक्या, दोन्ही अर्ध्या, म्हणजे दोन अनोळखी आकडे. रोज रात्री मी बेरीज करायचो आणि रोज ती वेगळी यायची. मला वाटायचं, चूक माझीच असणार.

मग मला एक युक्ती सुचली. मोठी टाकी काठोकाठ भरून ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. गाडी फक्त मागच्या टाकीवर चालवायची. रोज सकाळी मागची टाकी मापाने परत भरायची. जेवढी मापं लागली तेवढं काल जळलं. मोठी टाकी अडीअडचणीला राहील. माझ्या मते यात चूक व्हायला जागाच नव्हती.

डोमाजींनी ऐकून घेतलं. मग डोकं खाजवलं.

"साहेब, आधी मोठी खाली कराची, मंग मागची. माझा उस्ताद असंच सांगे. मोठी भरली असताना मागची चालू करू नोको, असं."

"का पण?"

"का, ते त्यानं नाही सांगतलं. त्यानं सांगतलं, आपन करत गेलो."

"त्याला काही कारण असेल तर मी ऐकतो. पण कारणच नसेल तर—"

"कारन असन बी. मले नाई मालूम." त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. "तुमी शिकलेले हा. तुमचे आकडे जुळत असतीन तर तसं करू. आपल्याले काय, कॉक इकडे का तिकडे."

मी आयुष्यात कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं. ग्रंथालयात लोक मला सांगत आणि मी शिडीवर चढत असे. एक अनुभवी माणूस आपली सवय सोडून मी सांगितलं तसं करायला तयार झाला, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. वहीत मी नवं पान सुरू केलं.

आकडे आता रोज नीट यायला लागले. फक्त ते मोठे येत होते.

तसल्या रस्त्यावर गाडीने लिटरला आठ किलोमीटर द्यायला हवे होते. ती पाच देत होती. नाल्यांच्या वाळूतून, फोर-व्हील टाकून, खालच्या गिअरमध्ये रांगत गेलो त्या दिवशी साडेतीन. साठ किलोमीटर फिरून आलो की सकाळी मागच्या टाकीत बारा लिटर जायचं.

"फोर-व्हील टाकली की ही राक्षसिन होते," डोमाजी म्हणायचे. पण त्यांनाही ते पटत नसावं. एकदा त्यांनी एअर फिल्टर उघडून झटकला, एकदा ब्रेक धरताहेत का म्हणून चाकं उचलून फिरवून पाहिली.

मोठी टाकी मात्र शहाण्या मुलासारखी भरलेली असायची. मी रोज सकाळी तिचं झाकण उघडून बघायचो. डिझेल काठाशी. तिने एकदाही माप मागितलं नाही. माझी पद्धत बिनचूक आहे याचा तो पुरावा, असं मला वाटायचं.

बारा-तेरा दिवस झाले असतील. आम्ही एका नाल्याच्या पलीकडे भाकरी खायला थांबलो होतो. मी हात धुऊन परत आलो तर डोमाजी गाडीच्या डाव्या बाजूला वाकून बसलेले. मोठ्या टाकीच्या झाकणाखाली धुळीत ओला काळा ओघळ उतरला होता. वास येत होता.

"उतू जाऊन राह्यली," ते म्हणाले. "झाकन ढिलं असन, का उन्हानं फुगत असन." त्यांनी झाकणाला फडकं गुंडाळून आवळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, दोन दिवस मोठीवर चालवतो. थोडी खाली झाली म्हनजे सांडनार नाही."

"नको," मी म्हणालो. "मधेच बदललं तर सगळा तक्ता बिघडेल. महिनाअखेर साहेबांना द्यायचाय."

"बरं," डोमाजी म्हणाले.

महिनाअखेर मी तक्ता दिला. चांगल्या अक्षरात, आलेखासकट. मुळगुंद साहेबांनी चष्मा वर करून तो पाहिला.

"सव्वीस दिवसांत एकशे वीस लिटर जास्त. म्हणजे निम्म्याहून जास्त पिंप." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "तुमचे आकडे चुकले नाहीत ना, रिसबूड?"

मला स्वतःची कधीच खात्री वाटत नाही. दाराला कुलूप लावलं तरी मी परत येऊन ओढून बघतो. पण या आकड्यांवर मी महिनाभर मेहनत घेतली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आकडे बरोबर आहेत."

"मग डिझेल गेलं कुठे?"

तोवर माझ्या डोक्यात तो प्रश्न अशा तऱ्हेने आलाच नव्हता. मला वाटत होतं, आपण गाडीबद्दल लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात साहेब खुर्चीवर बसले, मी बाजूच्या स्टुलावर वही घेऊन, आणि डोमाजी पायरीखाली उभे राहिले. टोपी हातात.

"डोमाजी, किती दिवसांपासून चाललंय हे?"

"काय साहेब?"

"डिझेल विकणं."

डोमाजी हसले. खरंच हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं.

"साहेब, सात वरसं झाले मले. एक थेंब नाही विकला."

"मग गाडी पाच कशी देते? ही वही खोटी आहे?"

"वही खोटी कशी असन? रिसबूड साहेब लिहितेत." त्यांनी गाडीकडे बोट केलं. "टाकी उतू जाते साहेब, मोठी. सांडते."

"रोज साडेचार लिटर उतू जातं? टाकी आहे का दुधाचं पातेलं?" साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंय सांडताना?"

"एकदा ओलं दिसलं होतं," मी म्हणालो.

"किती?"

"ते नाही सांगता येणार."

"अंदाजे? लिटर? दोन लिटर? पेलाभर?"

"मला... मला खरंच नाही सांगता येणार, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "आणि मोठी टाकी भरलेली ठेवून कायम मागचीच चालवायची, हे काय प्रकरण आहे? जिचा काटा दिसत नाही ती टाकी वापरायची म्हणजे कोणाला काही कळायला नको. हे कोणी ठरवलं?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गाडी वळवताना मागे बसलेल्या माणसाने 'येऊ द्या' म्हणण्याची वाट बघतात तसं. मी वहीच्या कोपऱ्याची दुमड सरळ करत होतो. मनात एवढंच होतं की आता सगळे माझ्याकडे बघणार. मी वर पाहिलं नाही.

"मीच साहेब," डोमाजी म्हणाले. "सवय हाये."

त्याच दुपारी त्यांना एका ट्रकमधून आलापल्लीला पाठवलं. तिथून ते बसने गावी जाणार होते, आणि पुण्याहून निर्णय होईपर्यंत घरी थांबायचं होतं. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी. ट्रकमध्ये चढताना मला म्हणाले, "साहेब, काडी सीटच्या मागं ठेवली हाये. नवीन मानसाले सांगजा."

नवा ड्रायव्हर यायला चार दिवस लागले. काम बंद होतं. मी वाचायला आणलेली पुस्तकं संपली होती, म्हणून गाडीच्या हत्यारांच्या पेटीतलं इंजिनाचं पुस्तक काढून वाचत बसलो. मला छापलेलं काहीही चालतं. दुपारची वेळ होती, साहेब झोपले होते. एका पानावर डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत कसं जातं याची आकृती होती. टाकीतून निघालेली एक नळी इंजिनाकडे गेली होती. आणि इंजिनाकडून एक दुसरी, बारीक नळी परत टाकीकडे आली होती.

मी तो मजकूर तीन-चारदा वाचला. डिझेल इंजिन जेवढं ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. पंप जास्त ओढतो, लागेल तेवढं जळतं आणि उरलेलं परतीच्या नळीने माघारी येतं. इंजिन हळू चाललं, रांगलं, तर जळतं कमी आणि परत येतं जास्त.

परत कुठे येतं? आकृतीत एकच टाकी होती.

मी पांढऱ्या लेंग्यावरच गाडीखाली शिरलो. सीटखालच्या पितळी कॉकपाशी तीन नळ्या होत्या: एक मोठीकडून, एक मागचीकडून, एक इंजिनाकडे. इंजिनाकडून परत येणारी बारीक नळी मी बोटाने चाचपत गेलो. ती कॉककडे गेलीच नव्हती. ती सरळ मोठ्या टाकीत शिरली होती. दुसरी टाकी बसवताना नागपूरच्या कारागिराने डिझेल यायची वाट दोन टाक्यांमध्ये वाटली होती, परत जायची वाट मात्र होती तशीच ठेवली होती.

मागच्या टाकीतून ओढलेलं, न जळलेलं डिझेल रोज मोठ्या टाकीत जात होतं. आणि मोठी टाकी मी काठोकाठ भरून ठेवली होती. ती दिवसभर चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडत होती, मागे धुळीत, जिथे कोणी बघत नाही. आधी मोठी खाली केली असती तर परत आलेलं प्रत्येक लिटर तिच्यात मावलं असतं. डोमाजींच्या उस्तादाला हे कुठल्याशा गाडीत कळलं असणार. कारण सांगायला तो विसरला, किंवा त्याला गरज वाटली नाही.

गाडीखाली पडल्या पडल्याच मी मनात साहेबांना सांगायला लागलो. 'साहेब, डोमाजीने चोरी केलेली नाही.' वाक्य चांगलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य 'मोठी टाकी भरून ठेवायला मीच सांगितलं होतं' असं होतं. आणि त्याच्या पुढचं, 'त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो.' तिथे मी अडलो. मग मला आणखी एक आधार सापडला. मी ग्रंथपाल. माझी समजूत चुकीची असली तर? नळीतून खरंच इतकं डिझेल परत येतं हे मी कुठे मोजलं होतं? आधी खात्री करावी, मग बोलावं.

नवा ड्रायव्हर आला. त्याला मी बाजूला घेऊन सांगितलं, "आधी मोठी टाकी वापरत जा. अर्धी झाली की मग मागची." त्याने कारणही विचारलं नाही.

त्या दिवसापासून गाडी आठ द्यायला लागली. नाल्यात सात. दर तीन-चार दिवसांनी दोन्ही टाक्या मापाने काठापर्यंत भरून मी आकडे लिहीत होतो. खात्री झाली होती. पंधरा दिवसांनी मुळगुंद साहेबांनी वही मागवली, पानं उलटली, आणि समाधानाने माझ्याकडे बघितलं.

"बघा रिसबूड. माणूस गेला आणि गाडी सुधारली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

मी उभा होतो. तेव्हासुद्धा वेळ होती.

"तुमच्या वहीमुळे सापडला," ते म्हणाले. "मी पुण्याला तसं लिहिलंय. वहीची ही दोन्ही पानं नक्कल करून द्या, डाकेने पाठवू."

मी दोन्ही पानांची नक्कल करून दिली. अक्षर चांगलं होतं. एप्रिलमध्ये डोमाजींना कमी केल्याचा हुकूम निघाला.

आणि ऑगस्टमध्ये ते पत्र. अक्षर मुलीचं होतं, रेघा आखून लिहिलेलं. मजकूर डोमाजींनी सांगितलेला, पण तिने शाळेतल्या भाषेत उतरवलेला.

'रिसबूड साहेबांना डोमाजी बोरकुटे यांचा नमस्कार. मी एका मिस्त्रीला भेटलो. त्याने सांगितले की परतीची नळी मोठ्या टाकीत असेल तर असे होते. आपण गाडीत होता, आपण पाहिले आहे. मोठी टाकी भरून ठेवायला आपण सांगितले ते मी साहेबांना बोललो नाही व बोलणार नाही, कारण आपण हिशेबासाठी चांगल्या मनाने सांगितले होते. नोकरी परत मागत नाही. पण गावात मला डिझेलचोर म्हणतात. मुलीला शाळेत म्हणतात. ती मला विचारते. तरी आपण दोन ओळी लिहून द्याव्या. मी कोणाला दाखवणार नाही. फक्त मुलीला दाखवीन.'

खाली लिहिलं होतं: लिहिणार, कु. कुंदा डोमाजी बोरकुटे, इयत्ता नववी.

म्हणजे ज्या मुलीला त्यांना उत्तर दाखवायचं होतं, तिनेच ते पत्र लिहिलं होतं.

मी उत्तरं पुष्कळ लिहिली. एकात नुसती विचारपूस होती. एकात परतीच्या नळीचं वर्णन होतं, आकृतीसकट, आणि मी कुठेच नव्हतो. पहिली काही वर्षं 'उद्या' म्हणत गेली. पुढे वाटायला लागलं की इतक्या उशिरा लिहिणं हाच एक अपमान आहे. त्यानंतर वाटायला लागलं की ते आता नसतीलच. मी लग्न केलं नाही, बदली मागितली नाही, ग्रंथालयातूनच निवृत्त झालो. मुळगुंद साहेब वारले तेव्हा शोकसभेत मी मागच्या ओळीत बसलो होतो.

गेल्या महिन्यात माझी पुतणी मृणाल घरी आली. ती आणि तिचा नवरा गाडी घेऊन स्पितीला निघणार होते. मला खाली नेऊन तिने नवी फोर-व्हील दाखवली.

"काका, हिला जास्तीची टाकी बसवून घेतली. तिकडे पंप लांब लांब असतात ना."

"परतीची नळी कुठे सोडलीय?"

ती बघतच राहिली. "काय?"

"इंजिनाकडून डिझेल परत येतं ते. ज्या टाकीतून घेतलं तिथेच परत जातं की दुसरीत?"

"काका, तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. हे कुठून आलं?" तिने हसत हसत मिस्त्रीला फोन लावला आणि विचारलं. "तो म्हणतोय, हिच्यात तसला कॉकच नाही. जास्तीच्या टाकीतलं डिझेल आधी मोठीत येतं, इंजिन फक्त मोठीतूनच घेतं. तो विचारतोय, काका मेकॅनिक होते का. म्हणाला, जुन्या जीपांमध्ये हा घोळ असायचा, बिचारे ड्रायव्हर फुकट बदनाम व्हायचे."

मी जिन्यावर बसलो. तिने पाणी आणलं. मग मी तिला सगळं सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी. 

"ते आहेत का अजून?" शेवटी तिने विचारलं.

"माहीत नाही. असले तर नव्वदीला आले असतील."

"आणि ती मुलगी?"

"असेल. पन्नाशीच्या आसपास."

"म्हणजे तिला अजून माहीत नाही," मृणाल म्हणाली, आणि ग्लास घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. लिफाफा समोर होता. चिठ्ठी लिहून झाली, घडी केली, आत घातली, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय. बंद पाकीट त्यांच्या घरात जाईल, उघडलं जाईल, पेटीत पडेल. मुलीला चोराची पोर म्हणणारी माणसं बाहेरच राहतील. गुपचूप सांगायला मला नेहमीच जमलं होतं. नव्या ड्रायव्हरला मी गुपचूपच सांगितलं होतं.

मी पोस्टात जाऊन साधं कार्ड आणलं. खेड्यात कार्ड पोस्टमन वाचतो, दुकानावर बसलेले वाचतात, मग ते घरी पोचतं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं:

'श्री. डोमाजी बोरकुटे व कु. कुंदा यांस. सन १९८७ मध्ये संस्थेच्या जीपचं डिझेल डोमाजींनी विकलं नाही. एक थेंबही नाही. मोठी टाकी भरलेली ठेवून मागची चालवायला त्यांना मी सांगितलं होतं. त्यामुळे परत येणारं डिझेल रस्त्यावर सांडत गेलं. टाकी सांडते आहे, थोडी खाली करू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी नको म्हणालो. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो आणि त्यांनी दोष स्वतःवर घेतला. खरं कारण मला चार दिवसांत कळलं होतं. तरीही मी बोललो नाही. हे कार्ड कोणीही वाचावं. गजानन रिसबूड, पुणे.'

जुन्या पत्रावरचा चिंचटोल्याचा पत्ता घातला आणि कोपऱ्यात माझा पूर्ण पत्ता लिहिला. पेटीत टाकायचा धीर होईना, हात माघारी येईल असं वाटलं, म्हणून आत जाऊन खिडकीवर दिलं.

खिडकीवरच्या बाईंनी पत्ता तपासायला कार्ड हातात घेतलं आणि उलटवलं. त्यांची नजर ओळींवरून खाली खाली जाताना मला दिसत होती. शेवटाशी पोचल्यावर त्यांनी परत वरपासून वाचलं. माझ्यामागे दोन माणसं उभी होती. त्यातला एक पुढे झुकून बघत होता.

"आजोबा, हे उघडं जाणार बरं का," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाकीट देऊ?"

"नको," मी म्हणालो. "असंच जाऊ द्या."

त्यांनी शिक्का उचलला आणि कार्डावर मारला.